बिनकाट्याची तार

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोहोळच्या अलीकडं एका शेताच्या कडेला, तारेच्या कंपाउंडखाली पोटावर पालथे पडलेले होते. साठीचा माणूस, अंगात पांढरा सदरा, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मोटरसायकल तशीच आडवी टाकून मी धावलो आणि त्यांचे दोन्ही पाय धरून ओढायला लागलो.

"आरं सोड की! कोण हाय त्यो?" खालून आवाज आला. "पाय सोड आदी!"

मी पाय सोडले. ते कोपरांवर सरकत पलीकडं निघाले, उठले, छातीवरची माती झटकली आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"सदरा फाटलाय का बगा."

"नाही."

"नीट बगा. खांद्यापाशी?"

"नाही हो, कुठंच नाही."

"मग झालं," ते बांधावर उभ्या असलेल्या शेतमालकाला म्हणाले. "तुमचं कंपाउंड तयार हाय." शेतमालक तोंडावर उपरणं धरून हसत होता. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. तार लावण्याच्या धंद्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस स्वतः खालून गेल्याशिवाय कंपाउंड मालकाच्या ताब्यात देत नसे, आणि हसणाऱ्या मालकांची त्याला सवय होती.

मी तेव्हा एका कंपनीत साइट इंजिनिअर होतो. वळसंगच्या बाजूला माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प उभा राहायचा होता आणि त्याच्या कंपाउंडसाठी माणूस शोधायला मला पाठवलं होतं. तीन जणांनी मला एकाच माणसाचं नाव सांगितलं होतं, आणि तिघांनीही नाव सांगून झाल्यावर कपाळाशी बोट फिरवून दाखवलं होतं.

"काम चांगलं, पण डोकं..." असं.

मी त्यांना कामाबद्दल सांगायला लागलो. एकर किती, खांब किती, गेटं किती. त्यांनी हात वर केला.

"आत काय ठेवायचंय ते मागनं सांगा. भाईर कोन ऱ्हातंय ते आदी सांगा."

"बाहेर कोण? कोणी नाही. माळ आहे नुसता."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. "कुटले तुमी?"

"सोलापूरचाच. भवानी पेठ."

"व्हय? मग बरोबर हाय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. आमच्या घरात सकाळी मागांचा खडखडाट सुरू व्हायचा तो रात्रीपर्यंत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत दोन्ही. शहरापासून तासाभरावर हरणं असतात हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. डोळ्यांनी मी एकही पाहिलेलं नव्हतं.

मिस्त्री मूळचे अक्कलकोटकडचे. माणसांशी मराठीत बोलायचे आणि तारेशी कानडीत. पक्कड लावून तार ओढताना पुटपुटणं चालू असायचं. ताण मनासारखा आला की "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे, आणि तारेवरून असा हात फिरवायचे की जणू बैलाची पाठ. मोजायची टेप खिशात असे, पण ती गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती. खरं माप त्यांचं स्वतःचं अंग. सगळ्यात खालची तार जमिनीपासून त्यांच्या गुडघ्याएवढी वर, आणि ती बिनकाट्याची. वरची तार छातीच्या खाली, तीही बिनकाट्याची. काटे लावायचेच असले तर मधल्या तारांना.

कंपाउंडच्या आत बसून ते कधी भाकरी खात नसत. कितीही ऊन असो, आत लिंबाची गार सावली असो, डबा घेऊन बाहेर यायचे आणि उन्हात बसायचे. मी एकदा कारण विचारलं. "आत बसलं की भाईरचं कळत न्हाय," एवढंच म्हणाले.

त्यांच्या मोहोळच्या घराला कंपाउंड नव्हतं. रस्त्यावरची शेळी सरळ अंगणात येऊन त्यांच्या बायकोची कोथिंबीर खाऊन जायची. "साऱ्या तालुक्याला तार लावली ह्यांनी," काकू मला चहा देताना म्हणाल्या, "आन माज्या चार पेंड्या कोथिंबिरीला एक काटकी लावत न्हाईत."

मिस्त्री बशीत फुंकर मारत म्हणाले, "शेळीला काय कळतंय कोथिंबीर कुनाची?"

"तिला न्हाय कळत. तुमाला तर कळतंय की!"

काकूंसमोर मिस्त्री कधीच जिंकत नसत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या टेंपोतून आम्ही माळावर चाललो होतो. गाडी चालवत, रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी सांगितलं.

मोहोळजवळ एका डाळिंबाच्या बागेला त्यांनी पाच पदरी काटेरी तार लावली होती. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर पहिली तार. काम असं की लोक दुसऱ्या गावाहून बघायला यायचे. दोन उन्हाळ्यांनी ते त्याच रस्त्यानं चालले होते, तर बागेच्या कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसलं. हरणाची मादी. खालून जायला बघत होती, पाठ तारेत रुतली होती आणि मागचे पाय हवेत झाडत होती. हरीण उंच उडी मारतं हे खरं, पण तार आडवी आली की ते बहुतेक वेळा वाकून खालूनच जायला बघतं. तारेपलीकडं तिचं पाडस उभं होतं.

"मी पक्कड घिऊन पळालो," मिस्त्री म्हणाले. "तार तोडाया खांबापाशी गेलो. तर तितं गाठ दिसली. दर तारवाल्याची गाठ येगळी आसती, इंजिनेर. कुनी डावा पीळ देतंय, कुनी उजवा. माजे तीन पीळ आसत्यात आन टोक आत मुडपलेलं आसतंय. ती गाठ माजी व्हती."

"मग?"

"मग काय? तोडली. ती सुटली, धा पावलं गेली आन बसली. परत उटली न्हाय."

पाडसाचं काय झालं हे मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी एक काम आरंभलं ज्यानं त्यांना वेडं ठरवलं. जिथं जिथं त्यांनी पूर्वी तार लावली होती, तिथं तिथं ते परत जायला लागले. मालकाला म्हणायचे, खालची तार काढून बिनकाट्याची लावून देतो, वर घेतो, तुमी काय देऊ नका. काहींनी लावू दिली. काहींनी हाकलून दिलं. एकानं अंगावर कुत्री सोडली. एका बागेचा मालक पुण्याला राहायचा, त्याला फोन लागेना, तर मिस्त्रींनी वाट न बघता काम सुरू केलं. राखणदारानं पोलिसांना बोलावलं.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "काय चोरलं?"

"काटे," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"काटे चोरलेत, सायेब. तार तितंच हाय. उलट नवी हाय."

हवालदारानं पूर्ण हकीकत ऐकली, पुण्याच्या मालकाला स्वतः फोन लावला, आणि मिस्त्रींना सोडलं. पुढं त्या हवालदारानं गावाकडच्या आपल्या शेताला त्यांच्याकडूनच तार लावून घेतली. ही गोष्ट मला खुद्द हवालदारानं सांगितली, म्हणून खरी धरतो. मिस्त्रींना विचारलं तर ते नुसते गालात हसायचे.

आमच्या माळावर पोचल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी एकही खांब रोवला नाही. माणसांना बसवून ठेवलं आणि मला म्हणाले, उद्या दिवस उगवायला या, चालायला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही सगळ्या हद्दीवरून फिरलो. तो नुसता माळ, जिथं माझ्या लेखी कोणी राहत नव्हतं, तो मिस्त्री मला वाचून दाखवत होते. इथं खोकडाचं बीळ. हा ससा. इथं लांडगा थांबून गेलाय, एकटा. माळाच्या मधून एक ओढा जात होता, कोरडा. त्याच्या काठानं खुरांची अशी दाट वाट पडली होती की मला ती शेळ्यांची वाटली. मिस्त्री खाली बसले. एका जागी लेंड्यांचा मोठा ढीग होता, जुन्यावर ताजा.

"ही त्यांची रोजची जागा. काळवीट तितंच येऊन बसतंय. उन्हाळ्यात वरचं गवत सपलं, पानी सपलं, की समदा कळप ह्या वढ्यानं खालच्या पाझर तलावाकडं उतरतोय. पाऊस पडला की परत वर. माज्या बापाच्या आदीपासनं." मग माझ्या हातातल्या नकाशाकडं बोट केलं. "तुमचं कंपाउंड कुटनं जातंय?"

मी नकाशा उलगडला. बघायची गरज नव्हती. सात पदरी काटेरी तार, खालची वीतभर उंचीवर, सबंध माळाला एकच वेढा. ओढा मधोमध बंद.

"हितं मी तार लावनार न्हाय," मिस्त्री म्हणाले. "दुसरा मानूस बगा."

मला राग आला होता. नोकरी नवी होती, तारखा गळ्याशी आल्या होत्या. पण मी दुसरा माणूस बघितला नाही. चार दिवस ओढ्याचं माप घेत बसलो. पावसाळ्यात तिथून पाणी वाहायचं. तो बुजवून वर पॅनेल लावायचे तर पाइप टाका, मुरूम टाका, आणि तरी एखाद्या वर्षी सगळं वाहून जायची भीती. ओढ्याची पट्टी मोकळी सोडली आणि प्रकल्पाचे दोन भाग करून दोघांना वेगळी तार घातली, तर पॅनेल जवळजवळ तितकेच बसत होते. गेटं मात्र दोन लागणार, राखणदारही दोन ठिकाणी. मी नवा नकाशा काढला. कुणी सांगितलेलं नसताना.

पुण्याहून आमच्या मोठ्या मॅडम आल्या, त्या दिवशी मी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं. हुशार बाई, कडक, साइटवर स्वतः चालणाऱ्या. त्यांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, मॅडम."

"दोन गेटं, दोन सिक्युरिटी. हरणांसाठी?" त्या मिस्त्रींकडं वळल्या. "काका, हरणं हुशार असतात. वळसा घालून जातील की."

नमुना म्हणून जुन्या नकाशाप्रमाणं दोन खांबांमध्ये साइटवरच्या गड्यांनी सात पदरी तार ओढून ठेवलेली होती, मॅडमना दाखवायला. मिस्त्री तिकडं गेले, चपला काढल्या, आणि पालथे पडून त्या वीतभर फटीत शिरले. डोकं गेलं. एक खांदा गेला. मग सदरा फाटल्याचा आवाज झाला आणि ते अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

मी आणि दोन गडी धावलो.

"हात लावू नका!" मिस्त्री ओरडले. गाल मातीला टेकलेला, आवाज दबलेला. "ऱ्हाऊ द्या मला. मॅडम, जरा हिकडं या."

मॅडम गेल्या. "आधी यांना बाहेर काढा," त्या आम्हाला म्हणाल्या.

"थांबा की. हरनाला कोन काडतंय?"

चैत्रातलं ऊन. मिस्त्रींच्या खांद्यावर सदऱ्यातून लाल ठिपका उमटला आणि पसरायला लागला. त्यांचा श्वास माती उडवत होता. मी मॅडमकडं बघत होतो. त्या तिथंच खाली बसल्या, उकिडव्या, आणि हातातला माझा नकाशा मिस्त्रींच्या तोंडावर उन्हाला आडवा धरला. तसंच धरून त्यांनी विचारलं, "वळसा का नाही घालत ती?"

"वाट ठावी आसती, मॅडम. आईनं दावलेली. तुमी तरी घरी जाताना वळसा घालता का?"

मॅडमनी मान वळवून ओढ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पट्टी किती रुंद लागेल?"

"हरनाला भ्या वाटू नये इतकी."

"म्हणजे किती?"

"इंजिनेर," मिस्त्री खालून म्हणाले, "सांगा की."

मी आकडा सांगितला. मॅडमनी तिथंच, मांडीवर कागद ठेवून, नव्या नकाशावर सही केली. मग तार वर उचलून आम्ही मिस्त्रींना बाहेर काढलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की या नोकरीतलं काही मी आईला पहिल्यांदाच सांगतोय.

काम तेवढ्यानं संपलं नव्हतं. ओढ्याची पट्टी तलावाच्या अलीकडं एका बाईंच्या रानात उतरत होती, आणि त्यांच्या बांधाला जुनी काटेरी तार होती. त्या बाई एकट्या शेती बघायच्या, नवरा सोलापुरात कामाला. मिस्त्रींनी त्यांना तार बदलायची गोष्ट काढली तशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आन माजं कडवळ? दोन म्हशी हायत माज्या. हिरवा चारा हरनानं खाल्ला तर म्हशीस्नी काय तुमची तार घालू?"

"कडवळाची तार ऱ्हाऊ द्या, वैनी. पडीक अंगाची तेवडी बदलू."

"आन तितनं शिरली म्हंजे?"

"थोडं खात्याल," मिस्त्री म्हणाले. "मी खोटं न्हाय बोलत. आता बी खात्यातच की. पाट फाडून घेत्यात आन खात्यात."

बाईंनी ते पाहिलेलं असणार. शेवटी म्हणाल्या, "एक उन्हाळा बगते. न्हाय पटलं तर तुमच्याच हातानं काटे परत लावायचे. ह्या वयात."

"लावतो."

त्या बांधाला मिस्त्रींनी दोन अंगांना नवी तार ओढली. हरणाला ती लांबून दिसावी म्हणून काहीतरी पांढरं बांधायचं होतं. आमच्या गल्लीत टॉवेल कापताना उरलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचे ढीग पडलेले असतात. मी धाकट्या काकांच्या कारखान्यातून दोन पोती भरून नेली. काकांनी विचारलं, कशाला? हरणांना, म्हटलं. ते माझ्याकडं असे बघायला लागले की मला मिस्त्रींकडं बघणारे मालक आठवले. मला बरं वाटलं.

मग आम्ही वाट बघायला लागलो. रोज सकाळी बाईंच्या गोठ्याआडून. एक आठवडा काही आलं नाही. पट्ट्या वाऱ्यावर फडफडत राहिल्या. आमच्या साइटचे राखणदार मला विचारायचे, "सायेब, पत्रिका दिली का हरनास्नी?" दुसऱ्या आठवड्यात माझाही धीर सुटला. कदाचित इतकी नवी तार, नवे खांब बघून त्यांनी वाटच सोडली असेल. तसं मी मिस्त्रींना म्हणालो. ते रागावले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसलेले होते.

त्या सकाळी बाईच म्हशीची धार अर्धी टाकून आल्या आणि बोटानं दाखवलं. ओढ्यातून कळप उतरत होता. पुढं एक म्हातारी मादी. तारेपासून वीसेक पावलांवर ती थांबली, सगळा कळप थांबला. पट्ट्या हलत होत्या. तिनं मान पुढं करून वास घेतला, एक पाय आपटला, मागं फिरली. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं होतं. मग ती परत आली, गुडघे मोडले, मान खाली घातली, आणि पाणी सरकावं तशी तारेखालून पलीकडं निघाली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. पाडसं तर वाकलीही नाहीत, पळतच गेली. सगळ्यात शेवटी काळवीट. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची लांब शिंगं. त्यानं शिंगं मागं पाठीवर टाकली आणि आत शिरला. एक क्षण ती शिंगं तारेला लागली, तार वाजली. मग तो पलीकडं उभा होता, अंग झाडत.

कळप तलावाकडं गेला. बाई डोळ्याला पदर लावून पुटपुटल्या, "काय बाई देखणं जनावर," आणि आपल्या म्हशीकडं परतल्या. त्या उन्हाळ्यात हरणांनी त्यांच्या कडवळाचं एक टोक खाल्लं. त्यांनी मिस्त्रींना काटे लावायला बोलावलं नाही.

आता त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पॅनेल आहेत आणि मधून दर उन्हाळ्यात हरणं जातात. दुसऱ्या कंपन्यांची माणसं ते बघायला येतात. मिस्त्रींचे गुडघे आता त्यांना जमिनीवर बसू देत नाहीत. कुणी मला विचारलं, हे डिझाइन कुणाचं, तर मी मोहोळच्या एका तारवाल्याचं नाव सांगतो, आणि कपाळाशी बोट फिरवत नाही.

पण त्या सकाळी कळप गेल्यावर मी आनंदानं काहीतरी बडबडत होतो आणि मिस्त्री ऐकत नव्हते. ते उठून तारेपाशी गेले होते. खालच्या तारेशी वाकून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, दोन बोटांच्या चिमटीत तार धरून हळूहळू सरकत चालले होते. मी मागोमाग गेलो. शेवटच्या खांबापाशी त्यांनी चिमूट उघडली आणि तळहात माझ्यापुढं धरला.

"काय दिसतंय?"

मी वाकून पाहिलं. घट्टे, जुने वण, थोडी धूळ.

"काही नाही."

"एक केस बी न्हाय," मिस्त्री म्हणाले, आणि तो रिकामा तळहात दाखवायला बाईंच्या गोठ्याकडं निघाले.